न्हाणीचा काठ

सिमेंट ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं की ताजं राहतं, असं सतराव्या वर्षी मला अगदी मनापासून वाटत होतं. विड्याची पानं राहतात, कोथिंबीर राहते, मग सिमेंटानंच काय घोडं मारलंय? गवंडी जाताना डबा माझ्या हातात देऊन म्हणाला होता, "वैनीसाब, ह्येला जपा." मी जपलं. दिवसातून दोनदा फडकं भिजवून जपलं.

पण आधी न्हाणीचं सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही पोर सिमेंटाच्या वाटेला गेलीच कशाला.

तेव्हा भोरात संस्थान होतं. माझे सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो, संस्थानच्या कचेरीत अव्वल कारकून होते. घरातसुद्धा ते कचेरीतल्यासारखेच बोलायचे. आमटीत मीठ कमी असलं तर "मिठाची नोंद दिसत नाही" म्हणायचे. सासूबाईंना आमच्यात आत्याबाई म्हणत. नवरा पुण्याला शिकायला होता, तो सणावाराला यायचा. या गोष्टीत त्याला काम फारसं नाही. शेवटी तोंडात पंचा कोंबून हसायचं, एवढंच, आणि ते त्यानं चोख केलं.

मामंजींचे धाकटे भाऊ पुण्याला एका कंत्राटदाराकडे होते. कुठल्याशा बंगल्याच्या कामातून एक खोकंभर लाद्या उरल्या, त्या त्यांनी भावाला पाठवून दिल्या. चिनी मातीच्या, पांढऱ्याशुभ्र, वर हात फिरवला तर लोण्यावरून फिरतोय असं वाटावं. आमची न्हाणी म्हणजे कोपऱ्यात चूल, चुलीवर तांब्याचा हंडा, खाली काळ्या दगडाची फरशी आणि धुरानं पिवळ्या झालेल्या भिंती. तिथं या लाद्या लागायला लागल्या तशी आळीतली एकेक बाई काहीतरी निमित्त काढून यायची. कुणी विरजण मागायला, कुणी चाळणी परत करायला. न्हाणीत डोकावून लादीवर नखानं टिचकी मारायची, मडकं घेताना मारतात तशी, आणि मान हलवून जायची. एकीनं तर गाल टेकून बघितला. गार लागतो म्हणाली.

गवंडी होता मार्गासनीचा. हातात कसब, तोंडात तंबाखू आणि डोक्यात सतत आपलं भात. त्यानं दोन भिंतींना कमरेइतक्या लाद्या लावत आणल्या आणि मग थांबला. खोक्यात सगळ्या लाद्या सपाट होत्या, गोल कडेची एकही नव्हती. वरची ओळ तशीच लावून सोडली असती तर लादीची उघडी कड दिसली असती. लादी वरून चांदण्यासारखी, पण कडेनं बघावी तर कच्च्या विटेसारखी, आणि धारेला फुटक्या बांगडीसारखी. दाराजवळ भिंत वळते तिथं तर येता जाता कोपर कापलं गेलं असतं. म्हणून कडेला पट्टी हवी. मामंजींनी सुताराकडून सागाची पट्टी करून आणली. पुढून गोल, मागून खाच. त्या खाचेत लादीची कड बसायची, आणि पट्टी नि लादी दोन्ही मिळून सिमेंटात दाबायच्या. म्हणून गवंड्यानं वरची ओळ लावायची ठेवली होती. मग भात बघायला गावी निघताना मला त्यानं दोनदा सांगितलं, पट्टी आधी, लादी मागनं. मी मोठ्या समजुतीनं मान हलवली. त्या वयात मान हलवण्यात माझा हात कुणी धरला नसता.

आत्याबाईंना मात्र पट्टीची गरज गवंड्याच्या आधीच कळली होती, वेगळ्या कारणानं. त्यांचं म्हणणं, भिंत पांढरी आणि वर किनार नाही, म्हणजे बिनकाठाचं लुगडं. सवाष्णीच्या घरात असली भिंत चालायची नाही. आणि काठ म्हणजे काळा हवा. पांढऱ्यावर काळा काठ कसा उठून दिसतो, हे त्यांनी मामंजींना जेवताना चार वेळा सांगितलं. मामंजी म्हणाले, सागाला सागाचा रंग आहे, तूर्त तोच मंजूर. काळ्या रंगाचं पुढल्या वर्षी पाहू.

आता आत्याबाईंच्या नजरेचं. त्यांना लांबचं दिसायचं धूसर आणि जवळचंही धूसर. चष्मा होता, पण तो ट्रंकेत शालीच्या घडीत. चष्म्यानं माणूस म्हातारं दिसतं असं त्यांचं मत होतं. नजरेऐवजी त्यांनी एक नियम केला होता. समोर काही काळं दिसलं की थांबायचं. हललं तर जनावर, नाही हललं तर वस्तू. या नियमावर त्यांनी सगळा संसार केला, आणि एरवी तो बरोबरच यायचा.

मी हिर्डोशीकडची. वरंध घाटाच्या अलीकडचं गाव, भात, नाचणी, म्हशी आणि चालणं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं. पहिला दिवाळसण झाला, पण नवऱ्याबरोबर. तो जावई म्हणून लोडाला टेकलेला आणि मी त्याच्या ताटाभोवती फिरणारी. आईशी चुलीपुढं बसून चार शब्द बोलायला मिळाले नाहीत. या दिवाळीला मात्र मी एकटीच जायची होते. दादा, माझा थोरला भाऊ, बैलगाडी घेऊन न्यायला येणार होता. मी महिनाभर आधीपासून गाठोडं बांधत होते आणि सोडत होते.

अशात मार्गासनीहून निरोप आला. भात पिकून आडवं व्हायला लागलंय, कापणी झाल्याशिवाय गवंडी येत नाही. म्हणजे दिवाळीनंतरच.

आत्याबाईंनी तो निरोप ऐकला, पदराला हात पुसले आणि निकाल सांगून टाकला. माझ्याकडं बघत, म्हणजे माझ्या शेजारच्या खांबाकडं बघत म्हणाल्या, "दिवाळीची पहिली आंघोळ नव्या न्हाणीत झाली, की त्याच पावली गाडीत बस. पण बिनकाठाच्या भिंतीत मी कुणाला पहिलं पाणी घालायची नाही. मग परसात चूल मांडायची आणि सगळ्यांचं पाणी तू तापवायचंस. लेकी माझ्या भाऊबीजेला यायच्या आहेत. त्यांचंसुद्धा."

परसातली चूल मला दिसली, त्यातला ओला लाकूडफाटा दिसला, रिकामी परत जाणारी गाडी दिसली. आणि शहाण्या माणसानं जे कधी करू नये ते मी केलं. म्हणाले, "मी बसवते की. आमच्या गावाला मी लई बगितलंय."

काय बघितलं होतं म्हणाल, तर गावच्या देवळाचा जोता बांधताना बघितला होता. तेव्हा मी सहा वर्षांची होते.

मामंजींनी माझ्याकडं पाहिलं. पुढ्यात आलेल्या कागदावर सही करायची त्यांना सवय होती. "कामगिरी सुनेकडे," असं म्हणून ते कचेरीत गेले.

मी पट्ट्या मांडल्या, लाद्या पुसल्या, पदर खोचला आणि डबा काढला. फडकं सोडलं. आत बोट घातलं. बोट गेलं नाही. डबा उपडा करून आपटला तेव्हा आतून दुसरा डबा बाहेर पडला, सबंध, दगडाचा, बुडाशी पत्र्याच्या कड्या उमटलेला, आणि पडला तो माझ्या अंगठ्यावर.

पुढचा तासभर मी जे केलं ते आज सांगताना मलाच माझी कीव येते. आधी त्याच्यावर गरम पाणी ओतलं. शिळी भाकरी मऊ पडते, हा का पडणार नाही? मग उखळातलं मुसळ आणलं आणि घाव घातला. मुसळाचा कपचा उडाला. मग मी त्याच्याशी बोलले. शेवटी त्याला उचलून गोवऱ्यांच्या ढिगाखाली पुरला आणि वर आणखी चार गोवऱ्या ठेवल्या, पाप लपवल्यासारख्या.

आता सांगून टाकावं, हे डोक्यात आलं नाही असं नाही. आलं. पण सांगितलं की गाडी रिकामी जाणार. मग मला देवळाचा जोता आठवला. तिथं कुठं होतं सिमेंट? चुना होता, वाळू होती, हिरड्याचं पाणी होतं आणि गूळ होता. हे सगळं कालवून गवंड्यांनी दगड बसवले ते अजून हललेले नाहीत. आजोबा सांगायचे, जुन्या लोकांचा चुना म्हणजे लोखंड. हे खरंच होतं. फक्त माप मला ठाऊक नव्हतं. सहा वर्षांची पोर त्या ठिकाणी कुठं बसलेली असणार? गुळापाशी. मला आठवत होता तो सगळा गूळच. चुना नि वाळू आपली कुठंतरी लांब कोपऱ्यात.

चुना घरात होता, दिवाळीच्या सफेदीसाठी परसात भिजत घातलेला. वाळू गवंड्यानं टाकलेली होती. हिरड्याचं मी म्हटलं, जाऊ दे, त्याची चव तशीही तुरट. आणि गूळ होता कोठीत, अनारशांसाठी आणलेली अख्खी ढेप. आत्याबाई तळणीपुढं बसल्या होत्या, त्यांची पाठ माझ्याकडं होती, आणि पाठीनं त्यांना काही दिसायची भीती नव्हती. पुढूनही नव्हती म्हणा.

मी पाक केला. हो, हसा. मला गवंडीकाम येत नव्हतं, पण पाक येत होता, म्हणून ज्याचं ज्ञान होतं तिथून सुरुवात केली. एकतारी झाला तेव्हा वाटलं, लादी जड आहे, दोनतारी करावा. मग त्यात चुना घातला, वाळू घातली, लाटण्यानं ढवळलं आणि नेहमीच्या सवयीनं बोटावर घेऊन चाखून पाहिलं. तिन्हीसांजेपर्यंत जीभ बधिर होती. त्या दिवशी घरात मी गप्प का, असं कुणीतरी विचारल्याचं आठवतं. उत्तर द्यायला जीभ वळत नव्हती.

चुना जिभेला लागतो तसा हातालाही लागतो. पहिली चार लाद्यांची कालवणी संपली तोवर बोटं जळायला लागली. दुसऱ्या कालवणीत मी चुना निम्मा केला आणि भर म्हणून गूळ वाढवला. तिसरीत चुना नावाला. शेवटच्या कोपऱ्यात जे गेलं ते कुठल्याही बाळंतिणीला खायला देता आलं असतं, वाळू वगळून.

पट्टी आधी, लादी मागनं, हे मात्र मी पाळलं. खाचेत लादी बसवायची, दोन्ही मिळून दाबायची, बाजूनं आलेला मसाला बोटानं पुसायचा आणि बोट सवयीनं तोंडाकडं जाऊ द्यायचं नाही. काम तसं सुरेख जमत होतं. अडचण आली कोपऱ्यात. भिंत वळते तिथं दोन पट्ट्या एकमेकींना भिडाव्यात म्हणून सुतारानं त्यांची टोकं तिरपी कापून दिली होती. मी डावी उजवीकडं आणि उजवी डावीकडं लावली. तिरपी टोकं एकमेकांना भिडायच्या ऐवजी पाठ फिरवून उभी राहिली, भांडलेल्या जावांसारखी. मधे हे एवढं तोंड वासलेलं. काढून पुन्हा लावावी इतकी अक्कल असती तर मी सिमेंट ओल्या फडक्यात कशाला ठेवलं असतं? मी त्या फटीत गुळाचा गोळाच भरला, चांगला लिंबाएवढा, आणि वरून बोटानं गुळगुळीत केला.

मग कळलं की लाद्या घसरतायत. फार नाही, पण झोपाळू पोरासारख्या हळूहळू मान टाकतायत. हाताशी होतं ते सगळं मी टेकू म्हणून लावलं, पाट, पोळपाट, धुणं वाळत घालायची काठी. तरी मधल्या तीन लाद्यांना काही मिळेना. तिथं मी स्वतः पाठ लावून उभी राहिले. अर्धा पाऊण तास. मनात आईच्या हातचं काय काय खायचं ते मोजत होते. नाचणीची भाकरी, तिच्यावर लोणी, खरवस, पुन्हा भाकरी. आत्याबाई दारावरून गेल्या, थांबल्या, मी हलत नाही हे पाहून मला वस्तू समजून पुढं गेल्या.

संध्याकाळी दादा आला. नवा तांदूळ, घुंगुरमाळा घातलेले बैल आणि पायात धूळ. नवराही पुण्याहून आला. मामंजींनी सगळ्यांना न्हाणी दाखवली. स्वतः पट्टीवरून नजर फिरवली आणि "समाधानकारक" असं म्हणाले. त्यांनी हा शब्द माझ्या स्वयंपाकालाही कधी वापरला नव्हता. दादा मात्र मागं रेंगाळला. तो शेतकरी माणूस, त्याला वास येतो. भिंतीला नाक लावून म्हणाला, "का गं, हितं गुऱ्हाळ हाय का? काकवीचा वास येतोय." मी त्याला असा चिमटा काढला की तो मुकाट बैलांना वैरण घालायला गेला. मी मात्र गाठोडं शेवटचं बांधलं आणि त्याची गाठ पक्की मारली.

पहाटे सगळ्यांच्या आधी मी उठले. न्हाणीतल्या चुलीत जाळ घातला, हंडा भरला, पाटाभोवती रांगोळी काढली, दाराशी कारीट ठेवलं. आमच्याकडं नरकचतुर्दशीला पहिली आंघोळ झाली की ते कडू फळ अंगठ्यानं चिरडायचं, मग आंघोळ पुरी. कंदील खुंटीला लावायला वर उचलला आणि उजेड भिंतीवर पडला.

भिंतीला काठ होता. काळाभोर, दोन बोटं रुंद, कंदिलाच्या उजेडात चकाकणारा. दोन्ही भिंतींच्या वरच्या कडेनं एका रेषेत, कोपऱ्यात जाडसर गोंडा, आणि तिथून सरळ खाली मोरीच्या भोकापर्यंत. भोरातले सगळे मुंगळे त्या रात्री आमच्याकडं दिवाळीला आले होते. खाण्यात असे गर्क की एकही जागचा हलत नव्हता. सागाच्या पट्टीचं लाकूड औषधाला दिसत नव्हतं.

मी हातात कंदील धरून तशीच उभी. तेवढ्यात मागून तेलाची वाटी घेऊन आत्याबाई आल्या. थांबल्या. डोळे बारीक केले. काठ हलत नव्हता.

त्यांचा चेहरा असा खुलला, मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. लेकीच्या अंगावर नवं लुगडं पाहावं तशा त्या भिंतीकडं पाहत होत्या. म्हणाल्या, "काळा. मी म्हणत नव्हते? काळाच खुलतो. यांनी ऐकलं नाही, पण तू ऐकलंस."

आता इथं कुणीही माणूस खरं बोललं असतं. मी, लिहायलाही लाज वाटते, पण मी मान खाली घालून म्हटलं, "व्हय आत्याबाई. तुमाला आवडंल म्हनून."

मुंगळ्यांचं श्रेय घेणारी भोर संस्थानात मी एकटीच असेन.

मामंजी आले, पंचा नेसून पाटावर बसले. आत्याबाईंनी त्यांना तेल लावलं, उटणं लावलं, डोळे मिटायला सांगितले आणि सगळा वेळ काठाचं कौतुक चाललेलं. सून आणावी तर अशी, कामाची आणि मन ओळखणारी. मी दाराशी हात जोडून उभी, देवा, एक तांब्या पाणी पडेपर्यंत यांना जेवू दे, एवढंच मागत. गाडी अंगणात जुंपलेली होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज मला तिथं ऐकू येत होता.

तांब्याभर कढत पाणी काढून ते ओतण्याआधी आत्याबाईंनी डावा हात काठावरून मायेनं फिरवला. "अगं, मखमलीचा लागतोय," म्हणाल्या. मग बोट डोळ्यांशी नेलं. काठाचा एक तुकडा बोटावरून मनगटाकडं निघाला होता.

"हे हलतंय," त्या अगदी हळू म्हणाल्या.

आणि हातातला तांब्या सुटला. पाणी निम्मं मामंजींच्या डोक्यावर आणि निम्मं भिंतीवर. कढत पाण्यानं गुळाचं काय होतं ते सांगायला नको. कोपऱ्यातला गोळा विरघळला, पट्टीचं एक टोक सुटलं, ते आपल्याबरोबर तीन लाद्या आणि सगळी पंगत घेऊन अलगद खाली आलं आणि मामंजींच्या मांडीत विसावलं.

मामंजींना मी कधी घाईत पाहिलं नव्हतं. कचेरीत आग लागली तरी आधी जावक क्रमांक टाकतील असा माणूस. त्या पहाटे ते डोळे मिटलेले, उटण्यानं पिवळे, पंचा एका हातात धरून न्हाणीतून जे निघाले ते थेट ओसरीवर. वाटेत दाराशी पाय पडला तो नेमका कारिटावर. ते फटकन फुटलं. कारीट फोडताना देवाचं नाव घेऊन ओरडायचं असतं. ते ओरडले. नाव कुणाचं होतं ते मी लिहीत नाही.

नवरा पंचा तोंडात कोंबून खांबामागं गेला. दादा बैलांच्या मानेआड तोंड लपवून हसत होता, ते बैलांच्या घुंगरांवरून कळत होतं.

ओसरीवर आत्याबाई हात झाडत उभ्या राहिल्या. मग मी सगळं सांगितलं, ओलं फडकं, दगड झालेला डबा, पाक. सांगताना रडू येत होतं आणि मधेच मुंगळा चावला की बाजूला उडी मारावी लागत होती, त्यामुळं माझ्या पश्चात्तापाची शोभा गेली. आत्याबाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "गाडी सोड म्हणावं तुझ्या दादाला. मांड परसात चूल."

मी गाठोड्याकडं पाहिलं. ते ओसरीच्या कडेला, पक्क्या गाठीचं. गाठ सोडायला खाली वाकले तर बोटांना चुन्यानं फोड आलेले, ती सुटेना.

तेव्हा मामंजींनी हात वर केला. एक कान सुजून लाल झालेला, भुवईत उटणं, तरी आवाज कचेरीतलाच. "जरा थांबा. शर्त काय होती? पहिली आंघोळ नव्या न्हाणीत व्हावी, आणि भिंतीला काठ असावा. तेल लागलं? लागलं. उटणं लागलं. पाणी पडलं, निम्मा तांब्या का होईना. कारीट फुटलं. आणि पाणी पडलं त्या घटकेला काठ जागेवर होता. तुम्हीच तो पाहिलात, तुम्हीच त्याची तारीफ केलीत. काठ कशाचा असावा, याचा शर्तीत उल्लेख नाही."

नवऱ्याचा शब्द आत्याबाईंनी मोडला नसता, पण त्याहीपेक्षा स्वतःचा मोडला नसता. गाठोडं त्यांनीच उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "जा. आणि पंधरा दिवस तोंड दाखवू नकोस. तू आहेस तोवर ते मुंगळे जायचे नाहीत."

मला हवे होते चार दिवस. मिळाले पंधरा.

दादा नीरेच्या कडेनं गाडी हाकत निम्म्या वाटेपर्यंत हसत होता. मधेच थांबायचा, "मखमलीचा" म्हणायचा आणि पुन्हा सुरू. घरी पोचल्यावर आईनं गाठोडं सोडलं तर लुगड्याच्या घडीतून एक मुंगळा निघाला, भोरहून हिर्डोशीला फुकट आलेला. आईनं विचारलं, सासरी काय काय केलंस? मी म्हटलं, न्हाणीला काठ लावला. तिनं माझी बोटं लोण्यात बुडवून ठेवली आणि मग सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं. रोज चुलीपुढं बसून मी ते सांगायचे आणि रोज ती नवं ऐकल्यासारखी हसायची. मला तेवढंच पाहिजे होतं.

पंधरा दिवसांनी परत आले तेव्हा गवंडी काम करून गेला होता. आत्याबाई तांदूळ निवडत होत्या. आलीस का म्हणाल्या, पाणी पी म्हणाल्या, बाकी काही नाही. मी पाणी प्यायला गेले तर लोणच्याच्या बरणीच्या झाकणावर दडपण म्हणून एक गोल दगड ठेवलेला, बुडाशी पत्र्याच्या कड्या उमटलेला. गोवऱ्या त्यांनी हलवल्या होत्या तर.

मग न्हाणीत गेले. पट्टी सरळ होती, कोपऱ्यातली तिरपी टोकं एकमेकांना नीट भिडलेली. आणि ती सागाच्या रंगाची नव्हती. काळी होती. हंड्याच्या बुडाची काजळी खरवडून, जवसाच्या तेलात खलून, गवंड्याला समोर उभं करून आत्याबाईंनी ती काळी करून घेतली होती. दोन बोटं रुंद, कोपऱ्यात जराशी जाडसर, आणि तिथून एक रेघ सरळ खाली मोरीपर्यंत. ती रेघ कशाला, असं गवंड्यानं विचारलं म्हणे. त्यांनी सांगितलं, तशीच होती.

पुढं सोळा दिवाळ्या त्या न्हाणीत झाल्या, आत्याबाई असेपर्यंत. दर वर्षी पहाटे तेलाची वाटी घेऊन आत्याबाई न्हाणीत यायच्या, आधी भिंतीशी जायच्या आणि काळ्या काठावर बोट ठेवून थोडा वेळ थांबायच्या. हललं नाही, की वळून मामंजींना म्हणायच्या, "बसा आता पाटावर."